रेडिओ दुरुस्त करणारा लिओ फेंडर

(बी. ए. द्वितीय वर्ष, चारठाणा)

सिनेमाच्या गाण्यात गिटार वाजू लागली की आपले लक्ष वाजवणाऱ्याकडे जाते. त्याच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या पेटीकडे कोणी पाहत नाही. परंतु विजेवर चालणाऱ्या गिटारीचा खरा गळा त्या पेटीत असतो. फेंडरच्या प्रसिद्ध गिटारींसारख्या भरीव लाकडाच्या गिटारीला पोकळ पोट नसते. तिच्या तारा नुसत्या छेडल्या तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जायचे नाही. तारेची ती बारीक थरथर मोठी करून सभागृह भरून टाकण्याचे काम ही पेटी करते. तिला अँप्लिफायर म्हणतात. आपल्याकडे लग्नकार्यात आणि हरिनाम सप्ताहात कर्ण्याबरोबर जी मशीन येते, तिच्याच नात्यातली ही पेटी.

ही पेटी एकेक तार जोडून हाताने कशी बांधावी, याचा धडा ज्या माणसाच्या कामातून जगाला मिळाला त्याचे नाव लिओ फेंडर. वाचकहो, या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्यापाशी इंजिनिअरची पदवी नव्हती. कॉलेजात तो जमाखर्च शिकला होता. असे असूनही आज जगभरचे हौशी लोक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरी बांधायला बसतात, तेव्हा पुष्कळदा त्यांच्यासमोर फेंडरच्या १९५०च्या दशकातील एखादा नकाशा असतो. हे कसे घडले, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

संत्र्याच्या बागेतील मुलगा

लिओचे पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. त्याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात झाला. ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. म्हणजे मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढावा लागला. पुढे जन्मभर त्या जागी काचेचा डोळा राहिला.

लिओ तेरा वर्षांचा असताना जॉन वेस्ट नावाच्या त्याच्या एका नातलगाने त्याला एक खोके पाठवले. या नातलगाचे सांता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. खोक्यात दुकानातले टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्या दुकानात गेला, तर तेथे जुन्या भागांतून घरीच बांधलेला एक रेडिओ मांडून ठेवलेला होता. त्याच्या कर्ण्यातून मोठ्याने संगीत चालू होते. त्या आवाजाचा मुलाच्या मनावर असा ठसा उमटला की तो आयुष्यभर पुसला गेला नाही. घरी येऊन त्याने रेडिओ उघडायला, जोडायला आणि लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली. लहानपणी तो थोडा पियानो शिकला, शाळेच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवला. पण त्याचे मन रमले ते आवाज तयार करणाऱ्या यंत्रात.

१९२८ साली तो शाळा संपवून फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात दाखल झाला. विषय घेतला हिशेबाचा. विजेचे शास्त्र शिकवणारा गुरू त्याला कधी भेटला नाही. जे शिकला ते पुस्तकातून आणि उघडलेल्या रेडिओतून शिकला.

नोकरी गेली, दुकान उघडले

शिक्षणानंतर त्याने बर्फाच्या कंपनीत माल पोचवण्याचे काम केले, नंतर तेथेच हिशेबनीस झाला. त्याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने नाचाच्या कार्यक्रमांसाठी त्याच्याकडून कर्ण्याचे सहा संच बांधून घेतले. १९३४ साली एस्थर हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे राज्याच्या रस्ते खात्यात त्याला हिशेबाची नोकरी मिळाली. परंतु तो काळ महामंदीचा होता. ती जागाच रद्द झाली. मग टायरच्या एका कंपनीत काम धरले, तेही सुटले.

दोन नोकऱ्या गेलेल्या माणसाने काय करावे? १९३८ साली लिओने ६०० डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परत आला आणि रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुकानाचे नाव फेंडर रेडिओ सर्व्हिस. तेथे रेडिओ दुरुस्त होत, तबकड्या विकल्या जात आणि कार्यक्रमांना कर्णे भाड्याने मिळत. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातले मंडपवाले आणि रेडिओवाले एकत्र केले तर जसे होईल, तसे ते दुकान.

हळूहळू त्या दुकानात वादक मंडळी येऊ लागली. त्या दिवसांत हवाईयन गिटारीची मोठी आवड होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी फिरवून ती वाजवतात. हजारा सिंग आणि व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारीवर सिनेमागीतांच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांतून हा लांबट, घसरत जाणारा स्वर आपल्याकडच्या घराघरांत पोचला. तर असे वादक आपले बिघडलेले अँप्लिफायर घेऊन लिओकडे येत. कोणाच्या पेटीचा सांधा निखळलेला असे, कोणाचा कर्णा फाटलेला, कोणाच्या आतील तार गाडीच्या धक्क्यांनी तुटलेली.

माझ्या मते लिओच्या आयुष्याचे मर्म येथेच आहे. नवी वस्तू बनवणाऱ्याला ती कशी चालते हे ठाऊक असते. दुरुस्त करणाऱ्याला ती कोठे मोडते हे ठाऊक असते. लिओने हे दुसरे ज्ञान आधी मिळवले आणि मग तो पहिल्याकडे वळला. पुढे त्याने जे काही घडवले, ते जणू उद्या आपल्याच दुकानात दुरुस्तीला येणार आहे अशा बेताने घडवले.

व्हॉल्व्ह म्हणजे काय?

पुढचे समजण्यासाठी पेटीच्या आत एकदा डोकावले पाहिजे. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी दोन भागांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक बारीक जाळी घातली. या जाळीने मोठी क्रांती केली. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक भाग तापतो, त्यातून विद्युतकण निघतात आणि दुसऱ्या टोकाच्या पत्र्याकडे धावतात. मधल्या जाळीवर किंचित विद्युतदाब कमीजास्त केला की हा सारा प्रवाह त्याप्रमाणे कमीजास्त होतो.

ज्यांनी रात्री शेतात पाटाच्या पाण्याला दारे धरले आहे, त्यांना हे पटकन कळेल. पाणी येते विहिरीतून, जोर असतो मोटारीचा. दारे धरणारा फावड्याने चिमूटभर माती इकडची तिकडे करतो आणि सगळा लोंढा वळतो. व्हॉल्व्हमधील जाळी ही दारे धरणाऱ्यासारखी आहे. गिटारीच्या तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात. तार थरथरली की त्या वेढ्यांत व्होल्टचा एक लहानसा अंश निर्माण होतो. तो जाळीवर पोचतो आणि त्याच्या हुकमाने मोठा प्रवाह नाचू लागतो.

फेंडरच्या सगळ्यांत साध्या पेट्यांपैकी एक म्हणजे चॅम्प. १९५०च्या दशकातील चॅम्पमध्ये तीनच व्हॉल्व्ह होते. पहिला उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेने वाहायला लावी. दुसऱ्या नळीत दोन व्हॉल्व्ह एकत्र असत. ते गिटारीचा क्षीण संदेश दोन पायऱ्यांनी वाढवीत. तिसरा व्हॉल्व्ह ताकदीचा. त्याच्यापुढे ट्रान्स्फॉर्मर असे, जो दाब उतरवून प्रवाह वाढवी आणि ८ इंची स्पीकर हलवी. शक्ती सुमारे ५ वॅट. आवाज कमीजास्त करण्याचे एकच बटण. दहा-वीस रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, दोन ट्रान्स्फॉर्मर, लाकडी पेटी. एवढ्यावर काम भागे. म्हणूनच हाताने अँप्लिफायर बांधू पाहणारा नवशिका आजही पुष्कळदा चॅम्पच्या नकाशापासून आरंभ करतो.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. या पेटीत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो. मोठ्या पेट्यांत तो ४०० च्या वर जातो. बटण बंद केले, प्लग काढला, तरी कंडेन्सरांत वीज साठून राहते आणि ती जीव घेऊ शकते. जाणता कारागीर आधी ती वीज रेझिस्टन्समधून जिरवतो, मीटर लावून खात्री करतो आणि मगच आत हात घालतो. जुने कारागीर तर एक हात खिशात ठेवून काम करीत, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जाऊ नये.

कारखाना आणि त्यातील हात

दुसरे महायुद्ध सुरू झाले. डोळ्यामुळे लिओला सैन्यात जावे लागले नाही. युद्धाच्या काळात त्याची डॉक कॉफमन या वादक कारागिराशी मैत्री जमली. १९४३ च्या सुमारास दोघांनी भरीव लाकडाची एक गिटार केली. तिचा हेतू केवळ लिओने बनवलेले तारेचे वेटोळे पारखण्याचा होता. पण वादकांना तिचा स्वच्छ आवाज इतका आवडला की ती भाड्याने नेण्यासाठी माणसे येऊ लागली. १९४५ साली दोघांनी मिळून हवाईयन गिटारी आणि अँप्लिफायर करण्याचा उद्योग काढला. कॉफमनला कर्जाची धास्ती वाटली म्हणून तो १९४६ च्या आरंभी बाजूला झाला. मैत्री मात्र टिकली. लिओने एकट्याने कारखाना पुढे नेला.

पहिल्या पेट्या पॉलिश केलेल्या लाकडाच्या होत्या. पुढे त्यांवर प्रवासी बॅगांना लावतात तसले चिवट कापड चढवले गेले, कारण वादकाची पेटी गाडीतून खडखडत गावोगाव हिंडते हे दुकानदार लिओला पक्के माहीत होते. कोपऱ्यांचे सांधे सुताराने दाराच्या चौकटीला द्यावेत तसे एकमेकांत अडकवलेले असत.

आतली मांडणी तर पाहण्यासारखी होती. एका लांबट जाड पुठ्ठ्यावर धातूच्या बारीक कड्या ठोकलेल्या. त्या कड्यांत रेझिस्टन्स आणि कंडेन्सर ओळीने, शाळेच्या बाकांवर मुले बसवावीत तसे बसवलेले. प्रत्येक सांध्याला हाताने डाख दिलेला. कोणता भाग बिघडला ते डोळ्यांना दिसावे, तेवढाच उपटून नवा लावता यावा, अशी ही रचना होती. व्हॉल्व्ह मागच्या बाजूने हाताला लागत. कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो हे सांगणारा छापील कागद पेटीच्या आतील बाजूला चिकटवलेला असे. जोडणीचे नकाशेही दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध असत. कोणत्याही गावातला रेडिओवाला ही पेटी उघडून चालू करू शकेल, अशी तजवीज लिओने आधीच करून ठेवली होती.

त्याने विजेच्या शास्त्रात अगदी नवे काही शोधले, असा दावा करणे योग्य होणार नाही. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांत जोडणीचे नमुने छापत. लिओच्या आरंभीच्या जोडण्या त्याच वळणाच्या होत्या. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या पेटंटांचा परवाना घेतल्याचेही त्याच्या पेट्यांवरच्या त्या कागदावर छापलेले असे. दुसऱ्यांच्या विहिरीचे पाणी त्याने घेतले, पण ते कोणत्या पिकाला किती द्यायचे हे त्याने स्वतः ठरवले.

आणि हे सारे जोडत कोण होते? फुलर्टनच्या कारखान्यात तारा जोडणारे आणि डाख देणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. त्यांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया पुष्कळ होत्या. काम पुरे झाले की जोडणारी बाई कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपले नाव लिहून तो आत चिकटवी. साठ-सत्तर वर्षांनी कोणी ती पेटी दुरुस्तीसाठी उघडतो, तेव्हा धुळीखाली ते नाव अजून वाचता येते. आमच्या चारठाण्याला यादवकालीन मानली जाणारी देवळे आहेत, उंच कोरीव दगडी स्तंभ आहे. दगडावर दगड असा बसवला आहे की पाहणारा थक्क व्हावा. पण तो बसवणाऱ्या एकाही हाताचे नाव आम्हांला ठाऊक नाही. त्यामुळे फुलर्टनच्या त्या नावांचे मला विशेष अप्रूप वाटते.

वादकांचे ऐकणारा

लिओला स्वतःला वाजवता येत नसल्याने त्याने एक निराळाच मार्ग धरला. तो वादकांना कारखान्यात बोलावी. नवी पेटी त्यांच्या स्वाधीन करी, रात्री नाचघरात जाऊन ऐकत उभा राही, आणि सकाळी पुन्हा पेटी उघडून बसे. १९५० च्या सुमारास त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. १९५१ पासून ती टेलिकास्टर नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी पाठीवर वाहून न्यावे लागणाऱ्या अवजड उभ्या वाद्याऐवजी गळ्यात अडकवता येईल अशी विजेची बास गिटार त्याने दिली, आणि लगोलग तिच्यासाठी बासमन नावाचा अँप्लिफायर केला. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. तिच्या अंगाला पोटाशी आणि कोपराखाली जो बाक आहे, तो कडा टोचतात अशी वादकांची तक्रार होती म्हणून दिलेला आहे.

डिक डेल नावाचा एक तरुण वादक कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील नाचघरात वाजवी. तो इतक्या जोराने वाजवी की लिओने दिलेल्या पेट्या एकामागून एक जळत. लिओने त्याला दोष दिला नाही. तो आपल्या सहकाऱ्याला, फ्रेडी तव्हारेस याला, घेऊन त्या गर्दीत जाऊन उभा राहिला. भरलेल्या नाचघरातली माणसे आवाज शोषून घेतात, तेथे कारखान्यातला हिशेब चालत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग मोठा ट्रान्स्फॉर्मर आणि १५ इंची स्पीकर असलेली शोमन ही पेटी जन्माला आली.

या कथेत एक गमतीचा भागही आहे. लिओला हवा होता स्वच्छ, काचेसारखा निर्मळ स्वर. पेटीचा आवाज फाटणे त्याच्या लेखी दोष होता. परंतु व्हॉल्व्हचा एक स्वभाव आहे. दारे पूर्ण उघडल्यावर पाट जसा आणखी पाणी वाहू शकत नाही, तशी व्हॉल्व्हची सीमा आली की आवाजाच्या लाटेचा माथा हळूहळू दबतो आणि मूळ सुरात वरचे सूर मिसळतात. स्वर जाड, खरबरीत, काहीसा रडवेला होतो. तरुण वादकांनी मुद्दाम बटण शेवटपर्यंत फिरवून नेमका हाच दोष उचलला आणि त्यावर एक नवे संगीत उभारले. कारागिराने दिलेल्या वस्तूचा अर्थ वापरणाराही ठरवतो, असे म्हणावे लागते.

१९६२ साली लंडनमधील वाद्यांचे दुकानदार जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने स्वतःचा अँप्लिफायर बांधला. समोर नमुना होता फेंडरच्या बासमनचा. नकाशा जवळजवळ तोच, भाग मात्र बरेचसे इंग्लंडमध्ये मिळणारे. स्पीकर बदलले, पेटी बदलली, आणि आवाजाची जात बदलली. १९६९ साली वुडस्टॉकच्या विराट मेळ्यात जिमी हेंड्रिक्स वाजवत होता तेव्हा त्याच्या हातात फेंडरची स्ट्रॅटोकास्टर होती आणि मागे मार्शलच्या पेट्या होत्या. रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानातून निघालेल्या दोन वाटा तेथे एकत्र आल्या होत्या.

विक्री आणि अखेर

१९५५ पासून लिओला नाकाच्या पोकळ्यांत जंतुसंसर्गाचा विकार जडला होता. औषधांनी गुण येईना. आपण फार दिवसांचे सोबती नाही असे वाटून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कारखाना सीबीएस या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकला. ६०० डॉलर उसने घेऊन दुकान उघडल्याला तेव्हा २७ वर्षे झाली होती. दैवाची थट्टा अशी की पुढे तीनेक वर्षांत एका डॉक्टरच्या उपचाराने तो बरा झाला. प्रकृती परत मिळाली, कारखाना मात्र दुसऱ्याचा झाला होता.

दरम्यान काळ बदलत होता. १९४७ साली शोध लागलेला ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हची जागा घेत होता. तो लहान, स्वस्त, गार राहणारा. नव्या मालकांनी १९६६ साली ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर काढले. वादकांना ते रुचले नाहीत आणि काही वर्षांतच ते बंद करावे लागले. रेडिओतून आणि दूरचित्रवाणी संचातून व्हॉल्व्ह हद्दपार झाले, आपल्याकडेही झाले. गिटारीच्या पेटीत मात्र त्यांची धग टिकून राहिली.

लिओ स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. १९७०च्या दशकात त्याने म्युझिक मॅन या कंपनीसाठी काम केले. १९७९ साली पत्नी एस्थर कर्करोगाने गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्या सोबतीने त्याने जी अँड एल ही आणखी एक कंपनी सुरू केली. पुढे कंपवाताने हात थरथरू लागले, तरी तो रोज आपल्या कामाच्या टेबलाशी जाऊन बसे. मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत तो कामावर होता असे सांगतात. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्याचे निधन झाले. १९९२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव समाविष्ट करण्यात आले. गिटार वाजवता न येणाऱ्या माणसाला वादकांच्या पंगतीत हे पान मिळाले.

आपल्यासाठी काय?

मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. माझ्या शिक्षणाकडून घरच्यांची अपेक्षा साधी आहे : पोरीच्या हाताला आता माती लागू नये, तिने सावलीत बसून कागदावर काम करावे. उन्हात राबलेल्या माणसांची ही इच्छा आहे, तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण या इच्छेच्या पोटात एक समजूत लपलेली असते. पुस्तकाचे ज्ञान वरचे आणि हाताचे ज्ञान खालचे, ही ती समजूत. तिच्यामुळे आम्ही शिकलेली मुले आपल्याच गावातल्या जाणत्या माणसांकडे पाठ फिरवतो.

आमच्या गल्लीत सप्ताहाला मशीन लावणारे एक काका आहेत. सातवीच्या पुढे त्यांना शिकता आले नाही. कीर्तन चालू असताना कर्णा शिट्टी मारू लागला तर ते धावत जाऊन मायक्रोफोन दोन हात सरकवतात आणि शिट्टी थांबते. कर्ण्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून पुन्हा पुन्हा वाढत जातो, हे शास्त्र त्यांना पुरते ठाऊक आहे, फक्त त्याचे पुस्तकी नाव ठाऊक नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुने व्हॉल्व्ह चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले आहेत, कारण काच तडकली की वस्तू संपली. मुलीच्या जातीला हे पाहून काय करायचे, असे गल्लीत कोणी म्हणतेच. त्यांना मी फुलर्टनच्या बायकांची हकीकत सांगते. ज्यांच्या आवाजाने जग डोलले त्या पेट्या बायकांनी जोडलेल्या होत्या, हे ऐकून माणसे क्षणभर तरी गप्प होतात.

आजचे युग बंद डब्यांचे आहे. खिशातला मोबाईल बिघडला तर उघडायला साधा स्क्रूही सापडत नाही. झाकण चिकटवलेले असते. नवा घ्या, एवढाच सल्ला मिळतो. ज्या गावात एकच वस्तू तीन पिढ्या वापरली जाते, त्या गावाला हा सल्ला परवडणारा नाही. अशा वेळी लिओ फेंडरचे चरित्र मला मोलाचे वाटते. आपल्या हातून निघालेली वस्तू उद्या मोडणार आहे हे त्याने मोकळ्या मनाने मान्य केले होते, आणि ती जोडणारा अनोळखी माणूस कोठेतरी असेल यावर त्याचा विश्वास होता.

प्राध्यापक महोदयांना माझी एक विनंती आहे. आपल्या कॉलेजात विज्ञानाची प्रयोगशाळा असते, कलेचे वर्ग असतात, आणि मध्ये एक भिंत असते. आठवड्यातून एक तास कला शाखेच्या मुलामुलींना डाख देण्याची सळई हाती धरू द्यावी. शिकवायला गावातल्याच एखाद्या रेडिओवाल्या काकांना सन्मानाने बोलवावे. तेथे कोणी लिओ फेंडर तयार होईलच असे नाही. पण एखादा जुना रेडिओ पुन्हा बोलू लागेल, आणि ज्या मुलीने तो जोडला तिचे नाव कागदाच्या पट्टीवर लिहून आत चिकटवता येईल.